तुझ्याशीच तुलना

बुडापेस्ट, रविवार रात्र

प्रिय चिमे,

तीन महिने तुझ्या मेसेजला उत्तर नाही, रागावली असशील तर रागव. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, बाकी मजेत. आज लिहितेय कारण हे फक्त तुलाच कळेल.

खालच्या मजल्यावरच्या नेनी आठवतात ना, व्हिडिओ कॉलवर तुला खसखशीची बेइग्ली दाखवणाऱ्या? त्यांच्या भावाचं कॅनडाहून पत्र आलं, इंग्रजीत. हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर दोनेक लाख लोक देश सोडून गेले, त्यात हा नऊ वर्षांचा, वडिलांचं बोट धरून ऑस्ट्रियात गेला, आई आणि नेनी इथेच राहिल्या. हंगेरियन लिहिणं त्याला कधी जमलंच नाही. मी म्हटलं द्या, मी हंगेरियनमध्ये उतरवून देते.

पत्रात त्याच्या मुलीबद्दल एक वाक्य होतं, मी तिची तुलना कायम तुझ्याशी करत आलो. मी लिहिलं, 'मिंडिग होझ्झाद हॉशोन्लीतोत्तॉम'. आता बघ, हंगेरियनमध्ये तुलना करणं आणि सारखं असणं एकाच क्रियापदात बसतं. वर्तमानकाळात 'हॉशोन्लीतोक' म्हणजे मी सारखा आहे आणि 'हॉशोन्लीतोम' म्हणजे मी त्याची तुलना करतो, एका अक्षरावर निभावतं. पण भूतकाळात 'मी'ची दोन्ही रूपं एकच! तिथे 'तिला' लिहायलाच हवं होतं. मी गाळलं, कारण हंगेरियनमध्ये एरवी ते गाळलेलं चालतं आणि आपल्या कानालाही खटकत नाही, आपणही 'तुझ्याशीच तुलना करत राहिलो' एवढंच म्हणतो की.

नेनींनी वाचलं, 'मी कायम तुझ्यासारखाच होतो.' भिंतीवरचा दोघांचा फोटो काढला, अंगठ्याने हनुवट्या झाकल्या आणि म्हणाल्या, नाक बघ, नाक! रडत होत्या आणि हसत होत्या. मला वाटलं भावाच्या आठवणीने. चूक कळली ती दुसऱ्या दिवशी, सहा नंबरच्या ट्रॅममध्ये, मार्गित पुलावर, आणि पोटात खड्डाच पडला.

चिमे, सातवीची स्कॉलरशिप आठव. काकू रोज 'मनीकडे बघ जरा' म्हणायच्या आणि शेवटी तू माझी गणिताची वही हौदात टाकलीस. दोन महिने बोलली नाहीस. (वही तू अजून भरून दिलेली नाहीस, व्याजासकट घेईन.) मला तेव्हा राग आला होता पण काकूंचं ते ऐकून आतून बरंही वाटायचं, हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय. ज्याच्याशी तुलना होते त्याला ती टोचत नाही गं. कॅनडातली ती मुलगी म्हणजे तू आहेस, आणि मी तिलाच वाक्यातून काढून टाकलं. म्हातारा बहिणीपाशी मुलीबद्दलची चूक कबूल करत होता, माझ्यामुळे त्याचं कौतुक झालं.

नेनींना सांगितलं तर तो फोटोचा आनंद जाणार. नाही सांगितलं तर त्या उत्तरात नाकाबद्दल लिहिणार, आणि त्या माणसाला वाटेल बहिणीने ऐकूनही घेतलं नाही. सकाळी पोस्टात टाकायच्या आत जाते खाली, 'तिला' एवढा एक शब्द पेनने वर लिहून देते. पण नंतर तोंडी काय बोलू? तुला त्या वयात कोणी काय म्हणायला हवं होतं, ते लिही. लगेच लिही, रात्री उशिरा लिहिलंस तरी चालेल.

सोनूची बारावी कशी झाली? नवी नोकरी बरी आहे ना? काकूंना नमस्कार.

तुझी,
मनी