काका, तुमच्या काट्याचे उपकार

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, सोनाराच्या दुकानातल्या काकांना साष्टांग नमस्कार.

आईच्या पैंजणाची कडी जोडून घ्यायला आले होते, तेव्हा माझ्या सॅकमधली एअर रायफलच्या छऱ्यांची डबी तुमच्या काउंटरवर सांडली. तुम्ही एक छरा उचललात, डोळ्याला भिंग लावलंत आणि म्हणालात, “पोरी, ह्याची मागची कड चेपलीया की.” दोन महिने मी दुधाळीच्या रेंजवर रायफलला दोष देत होते. नळी साफ केली, साइट पुन्हा पुन्हा फिरवली. दहाऐवजी नऊला, आठला जाणाऱ्या गोळीचं कारण हातातल्या डबीत असेल असं मनातही आलं नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, “म्हणजे घरी काडतुसं भरतीस व्हय?” तेव्हा गडबडीत नीट सांगता आलं नाही. काही देशांत हौशी नेमबाज तसं करतात. उडालेलं पितळी काडतूस पुन्हा मापात आणायचं, ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर तोलून भरायची, वर गोळी दाबायची. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि माझ्या एअर रायफलला दारू लागतही नाही. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छरा हवेच्या दाबानं सुटतो. माझ्या हातात एवढंच, चांगले छरे निवडणं. ते मात्र तुम्ही शिकवलंत.

शनिवारी दुकान बंद व्हायच्या आधी तासभर तुम्ही मला काचेच्या पेटीतला काटा दिलात. आधी पंखा बंद करायचा, काटा शून्यावर येऊ द्यायचा, मग चिमट्यानं छरा ठेवायचा. डबीवर ०.५३ ग्रॅम छापलेलं, काट्यावर ०.५२ पासून ०.५४ पर्यंत आकडे. तुम्ही जुना हिशोब सांगितलात, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. म्हणजे माझा छरा साडेचार गुंजांच्या आतलाच! आणि चहाच्या आधी साबणानं हात धुवायला लावायचात, शिसं पोटात जाऊ नये म्हणून. एक शनिवार चुकला नाही.

खरं सांगायचं तर १० मीटरवर एक-दोन मिलिग्रॅमचा फरक फारसा जाणवत नाही. चेपलेल्या कडेचा जाणवतो. भिंगाखाली त्या कडेवर उजेड एकसारखा फिरतो की कुठे अडतो, हे बघायला तुमच्यामुळे आलं. आमच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. आता गोळी नऊला गेली की छऱ्याचा संशय येत नाही, ट्रिगरवरचं बोट आणि श्वास तपासते. ही खात्री मला कुठल्या दुकानात विकत मिळाली नसती.

“तेजस्विनीचाच खेळ न्हवं हा?” असं तुम्ही विचारायचात. आपल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेही ५० मीटरला. मी अजून १० मीटरवर आहे. पण तुम्ही त्यांचं नाव घेऊन माझ्यापुढे काटा सरकवलात, त्यानं किती बळ आलं ते तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

पैसे विचारले तर रागावलात. आईनं पेढे पाठवलेत, ते तरी ठेवून घ्या.

शनिवारी नवी डबी आणते. पंखा बंद करायला तुम्ही उठू नका, मी करीन.

तुमची,
छऱ्यांवाली पोर