मद्रासची पहिली होडी

महोदय,

‘इंग्रजांनी ओसाड वाळवंटावर मद्रास वसवले’ हे आपल्या पुरवणीतील वाक्य खटकले. २२ ऑगस्ट १६३९ हा स्थापनेचा दिवस मानला जातो खरा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डेने स्थानिक नायकाकडून (सरदाराकडून) कापडाच्या व्यापारासाठी किनाऱ्यावरची पट्टी मिळवली. पण शेजारचे मैलापूर तेव्हाही प्राचीन होते आणि तिथल्याच सान थोमे या वसाहतीत पोर्तुगीज आधीच नांदत होते.

गंमत म्हणजे या व्यापारी ठाण्याला बंदरच नव्हते! जहाजे दूर समुद्रात नांगरत. तिथून माल आणि माणसे आणायची ती ‘मसुला’ होड्यांतून. त्यांच्या फळ्यांना खिळा नसे, त्या काथ्याने शिवलेल्या असत. लाट आदळली की होडी लवते, फुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शहराचा व्यापार या होड्यांवर आणि त्या वल्हवणाऱ्या कोळ्यांवर चालला. त्यांचा पुरवणीत उल्लेखही नाही.

आणखी एक. १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी याच वखारीकडून औषधे आणि विषावरचे उतारे मागवल्याची नोंद कंपनीच्या दप्तरात आहे. मराठी पुरवणीत तेवढे तरी यायला हवे होते.

– एक वाचक, चेन्नई