वायरमन काका, रोवळीबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही माहितीये, सूनबाई वाचून दाखवतील. सगळ्यांसमोर लिहितेय कारण ओरडाही तुम्ही दार सताड उघडं असताना अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असाच दिला होतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आजीची पितळी रोवळी माळ्यावर पडून होती, एका बाजूला पोचा आलेला, आता तांदूळ कोण धुतंय त्यात, म्हटलं डायनिंग टेबलवर उलटी टांगून लॅम्प करू. चिंचेने घासली, तळाच्या मधल्या भोकाला ड्रिल मारून मोठं केलं, तपकीर गल्लीतून होल्डर आणि दोन कोअरची वायर आणली, घरातलाच जुना 60 वॅटचा बल्ब लावला आणि भिंतभर उजेडाचे ठिपके पडले तेव्हा मी स्वतःवर जाम खूश! तेवढ्यात तुम्ही मिक्सर परत द्यायला आलात, वर बघितलंत, आणि चप्पलही न काढता खिशातला टेस्टर रोवळीला टेकवलात. पेटला की तो.

"उद्या ओल्या फडक्याने पुसायला गेली असतीस म्हणजे?"

मी गप्प.

मग मेन पाडून रोवळी खाली उतरवली तर ड्रिल मारलेल्या भोकाची कड ब्लेडसारखी, त्यावर घासून वायरचं आतलं तांबं उघडं पडलेलं. मला ती कड कानशीने गुळगुळीत करायला लावलीत, भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून घालायची रिंग) बसवलंत, तीन कोअरची वायर घेतलीत आणि त्यातली हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर टोकाला लग (धातूची कडी) लावून स्क्रूने रोवळीलाच कसलीत. आणि खरी गंमत पुढेच, आमच्या जुन्या बिल्डिंगमधे छतातल्या लाईटच्या पॉइंटला अर्थिंग आलेलंच नव्हतं! म्हणजे नुसती हिरवी वायर जोडून मी निवांत बसले असते. ती तुम्ही स्विचबोर्डातून वरपर्यंत ओढलीत, त्यात दुपारचे दोन तास गेले. रोवळीचं वजन वायरवर न ठेवता साखळीने हुकाला दिलंत, बल्बच्या जागी 9 वॅटचा एलईडी, आणि उंची ठरवायला ह्यांना खुर्चीत बसवून डोळ्यावर उजेड येतो का ते विचारलंत, टेबलापासून अडीच फूट ठरली. (पोचा काढायला तांबट आळीत नेणार होते, तुम्ही म्हणालात राहू दे, आजीच्या हातचा आहे.)

पैसे घेतले नाहीत. बिनसाखरेचा चहा घेतलात तोही अर्धा कप.

आता डालडाचा जुना डबा घेतलाय गॅलरीसाठी. खिळ्याने भोकं पाडताना पत्रा आत जातो म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाणी भरून फ्रीजरमधे ठेवला, फक्त "काठोकाठ भरू नकोस" हे मी नेहमीप्रमाणे विसरले, बर्फाने तळ फुगला आणि डबा आता ओट्यावर डुगडुगतो. टांगायचाच आहे म्हणा, कोणाला कळतंय. भोकं मात्र एकदम मस्त पडलीत.

वायर भरलीये, ग्रोमेट घातलंय, हिरवी कसलीये. बटण दाबलेलं नाही. रविवारी टेस्टर घेऊन या, सूनबाईंनाही आणा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची रोवळीवाली