तुझ्या कहाणीत माझी चूक राहू दे

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली पाने मिळाली. पुढच्या महिन्यात तू ज्या मेळाव्यात बोलणार आहेस तेथे आणखी चार-पाच जण आपापल्या मनाच्या आजाराविषयी, श्रद्धेविषयी आणि पुन्हा उभे राहण्याविषयी सांगणार आहेत, आणि त्यांच्यात नावाजलेला वक्ता कोणी नाही, सगळी नोकरी-संसार करणारी साधी माणसे आहेत, हे वाचून बरे वाटले. पाने मी दोनदा वाचली. पहिल्यांदा डोळे भरून आल्यामुळे धड काही वाचताच आले नाही. दुसऱ्यांदा मात्र पेन्सिल घेऊन बसलो, आणि तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली रेघ ओढली, कारण ते खरे नाही. "त्या सगळ्या काळात माझे आईवडील माझ्या पाठीशी उभे होते," असे तू लिहिले आहेस. तुझी आई होती. मी नव्हतो, निदान पहिले चार महिने तरी नव्हतो. माझी लाज राखावी म्हणून तू ते वाक्य घातलेस हे मला कळते, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतले आहे.

एक सकाळ तुझ्या लेखनात नाही. तुला ती आठवते की नाही, ठाऊक नाही. मला ती विसरता येत नाही. तू पलंगाच्या कडेला बसली होतीस. एका पायात मोजा होता आणि दुसरा हातात. मी साडेसातला दारातून डोकावलो तेव्हा तू तशी होतीस, आणि सव्वाआठला पुन्हा आलो तेव्हाही तशीच. फक्त तुझा अंगठा त्या मोज्याच्या शिवणीवरून पुढे-मागे, पुढे-मागे फिरत होता. मी उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकले नाही. तेथूनच म्हणालो, "अगं, नुसती बसून काय राहिलीस? देवाचं नाव घे आणि ऊठ. मी नाही का उठलो?" तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "घेतेय, बाबा. कधीचीच घेतेय." मला त्या उत्तरात उद्धटपणा दिसला आणि मी निघून गेलो.

आज जे सांगायचे आहे ते "मी नाही का उठलो" या चार शब्दांविषयी. माझ्या उठण्याची गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. तू चार वर्षांची असताना तुझे काका गेले, मी खचलो, झोप उडाली, कामावर जाणे सुटले, मग रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसू लागलो आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा माणसात आलो. आप्तांपैकी कोणी खचलेला दिसला की मी ही गोष्ट त्याला सांगत असे, आणि खरे सांगायचे तर सांगताना मला स्वतःविषयी बरेही वाटत असे. तीत खोटे असे एकही वाक्य नाही. पण जवळजवळ निम्मी गोष्ट मी गाळली होती, आणि ती गाळलेली निम्मी तुझ्या आईखेरीज आणि आत्याखेरीज कोणालाही माहीत नाही.

झाले ते असे. छातीत धडधड सुरू झाली तेव्हा मला ते हृदयाचे दुखणे वाटले, म्हणून दोन वेळा ईसीजी काढून घेतला आणि दोन्ही वेळा तो निर्दोष आला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञाचे नाव लिहून दिले. ती चिठ्ठी मी तीन आठवडे खिशात घेऊन हिंडलो. शेवटी तुझी आई हाताला धरून घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून मी त्या जीवनसत्त्वांच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवीत असे. दहा महिने घेतल्या. त्याच सुमारास तुझी आत्या आपले घर सोडून तीन महिने आपल्याकडे येऊन राहिली. रात्री दोनला मी उठून बाहेरच्या खोलीत फेऱ्या घालू लागलो की ती काहीही न विचारता उठे आणि माझ्याबरोबर फेऱ्या घाली. उपदेश नाही, सांत्वन नाही. पायांत चपला सरकवायची आणि चालू लागायची. मी थकून बसलो की तीही बसे.

आता यातला गंमतीचा भाग पाहा, जरी ती गंमत तुला महाग पडली. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसू लागायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पहाटेची प्रार्थना मी गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याभराने सुरू केली. महिन्याने पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली, तेव्हा गोळी, बहीण आणि प्रार्थना या तिघींपैकी कोणाचे किती हे मला सांगता येणे शक्यच नव्हते. मी सगळे श्रेय प्रार्थनेला देऊन टाकले, कारण चारचौघांत सांगायला तेवढेच मानाचे होते.

तू म्हणशील, मग बाबांची श्रद्धा खोटी होती का? नव्हती, आणि आजही नाही. जे मला कोणाजवळही बोलता येत नव्हते, म्हणजे भावाशी झालेले शेवटचे भांडण आणि त्याचा मी न उचललेला फोन, ते मी पहाटे तेथे बोलू शकलो. अंधारात उठायला एक कारण मिळाले. हे थोडे नाही. परंतु माझी अर्धी गोष्ट ऐकून वाढलेली तू जेव्हा आजारी पडलीस आणि प्रार्थना करूनही तुला उठता येईना, तेव्हा तू त्याचा सरळ हिशेब मांडलास: बाबांची श्रद्धा पुरली, माझी पुरत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. हे तू नंतर समुपदेशकांसमोर बोललीस आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकले. त्या दिवशी मला कळले की मी तुला आधार म्हणून जे दिले होते त्याचे तुझ्या अंगावर ओझे झाले होते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. निवृत्त माणसाला दुसरे काय काम असते? केनेथ पार्गामेंट नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचे बरेचसे आयुष्य संकटात सापडलेली माणसे श्रद्धेचा उपयोग कसा करतात हे अभ्यासण्यात गेले. श्रद्धा असणे वा नसणे एवढ्यावर ते थांबत नाहीत. देव माझ्या बरोबर आहे असे धरून चालणारा माणूस आणि देव मला शिक्षा करतो आहे, त्याने मला टाकले आहे असे मानणारा माणूस यांच्यात ते फरक करतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या झगड्याबरोबर मनाचा त्रास वाढलेला आढळतो. वाचता वाचता मला तुझा अंगठा आणि ती शिवण दिसत राहिली. माझ्या एका वाक्याने मी तुला पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात ढकलले असेल, असे मला वाटते. म्हणून ते वाक्य तू मेळाव्यात सांगावेस अशी माझी इच्छा आहे. समोर बसलेल्यांत माझ्यासारखा एखादा बाप असेलच, आणि त्याची मुलगी घरी मोजा हातात धरून बसलेली असेल.

तुझ्या भाषणातील आणखी दोन-तीन जागांविषयी लिहितो. यात तुला पटेल तेवढेच घे.

पाचव्या पानावर तू त्या रात्रीविषयी लिहिले आहेस. तो विचार मनात आला होता आणि तू तुझ्या मैत्रिणीला फोन केलास, हे अवश्य सांग; तिने फोन ठेवू न देता तासभर तुला बोलते ठेवले, हेही सांग. मात्र कशाने आणि कसे, हे जे सहा ओळींत आले आहे ते काढून टाक. एरवी मी तुला काही गाळू नकोस म्हणतो आहे आणि येथे गाळ म्हणतो आहे, हे विसंगत वाटेल. पण त्याला कारण आहे. व्हिएन्नातील संशोधकांनी 2010 साली ऑस्ट्रियातील वृत्तपत्रांमधल्या आत्महत्येविषयीच्या मजकुराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बातम्यांमध्ये माणसाच्या मनात तो विचार आला पण तो त्यातून सावरला असे सांगितले होते, त्यांच्यानंतर आत्महत्या कमी झाल्याचे दिसले. याला त्यांनी मोझार्टच्या ऑपेरातील पापागेनो या पात्राचे नाव दिले, कारण ते पात्र अशाच क्षणी इतरांच्या बोलण्याने मागे फिरते. उलट, पद्धतीचे वर्णन ऐकणाऱ्यातल्या एखाद्या नाजूक मनाला वाट दाखवू शकते, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. तुझी मैत्रीण तुझ्या गोष्टीतील पापागेनोची सोबती आहे. जागा तिला दे.

दुसरे, सांगून झाल्यावर तुला लगेच हलके वाटेलच असे धरू नकोस. जेम्स पेनबेकर यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला लावले होते. त्यांतील ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते लिहून उठल्यावर अधिकच उदास होते. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा त्या संध्याकाळी रडू आले, पश्चात्ताप झाला, तर आपण फार बोलून बसलो असे समजू नकोस. दुसऱ्या दिवशीची रजा आत्ताच टाकून ठेव.

तिसरे म्हणजे लोक तुला 'खंबीर' म्हणतील. हा शब्द मला अलीकडे आवडेनासा झाला आहे, कारण तो ज्याला लावला जातो त्याला पुढे मोडण्याची सोय उरत नाही. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतील कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुले समर्थ, समाधानी माणसे झाली, आणि त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना घरात वा घराबाहेर निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस लाभले होते. मी हे वाचून उठलो आणि तुझ्या आत्याला फोन केला. इतक्या वर्षांत प्रथमच तिला त्या फेऱ्यांविषयी विचारले. ती म्हणाली, "अरे, मला काय बोलावं तेच सुचत नव्हतं, म्हणून चालत होते."

आणि शेवटचे पान. "आता मी पूर्ण बरी आहे," या वाक्यावर टाळ्या पडतील यात शंका नाही. पण तू अजून गोळी घेतेस, दर महिन्याला डॉक्टरांकडे जातेस, आणि मार्चमध्ये पुन्हा दोन आठवडे तुला कठीण गेले होते. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ते पुन्हा गाठते; तसे उद्या झाले तर तुला तुझ्याच वाक्याची लाज वाटू नये. दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचा 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' नावाचा जो जगभर पसरलेला परिवार 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन येथे सुरू झाला, त्याचा आरंभ एका दारू सोडू पाहणाऱ्या शेअर दलालाने एका मद्यपी शल्यविशारदाला गाठून आपली कहाणी सांगण्यातून झाला. आपण स्वतः त्या दिवशी पिऊ नये म्हणून तो बोलला होता, समोरच्याला सुधारायला नव्हे. त्यांच्या सभांत वीस वर्षे न प्यालेला माणूसही 'मी मद्यपी आहे' असे म्हणूनच बोलायला सुरुवात करतो, आणि देवाविषयी बोलताना 'आम्हाला जसा समजला तसा' एवढीच अट घालतो. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. तुझ्या देवाविषयीही तू तुला जसा समजला तसेच बोल. माझ्यासारखा नसला तरी चालेल. त्या चार महिन्यांत तुला तो अजिबात जाणवला नाही असे असेल, तर तेही सांग. मी दुखावला जाईन अशी भीती बाळगू नकोस.

मी यावे की नाही हे तू विचारले आहेस. येण्याची इच्छा आहे, पण माझा चेहरा समोर असताना ते दारातले वाक्य उच्चारणे तुला जड जाणार असेल, तर मी त्या दिवशी घरीच थांबेन आणि आईला पाठवीन. आलोच तर मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसेन. आत्यालाही यायचे आहे. तिचे गुडघे आता दुखतात, तेव्हा तिच्यासाठी पुढची, पायऱ्या चढाव्या न लागणारी जागा पाहून ठेव.

पाने या पत्रासोबत परत पाठवतो आहे. तिसऱ्या पानावरची रेघ पेन्सिलीची आहे. खोडायचे की नाही ते तू ठरव. नवा मजकूर झाला की पाठव, आणि डॉक्टरांची पुढची तारीख कोणती तेवढे आईला कळव, ती सारखी विचारते आहे.

तुझे,
बाबा