यंदाचा सिझन संपला, आता माझं नाटक

प्रिय दोस्ता,

पाडवा झाला. इकडचे तिकडचे एक-दोन प्रयोग सोडले त वडशाच्या नाटक कंपन्यांचा सिझन संपल्यातच जमा आहे, नट मंडळी आपापल्या गावी गेली, मोहफुलं वेचायला पहाटेच अर्धं गाव जंगलात असते, अन् मी खाली बसून वर्षाचा हिशेब करून राहिलो. तू फोनवर विचारलं होतं ना की यंदा काय काय लिहिलं, तेव्हा बाजूला माणसं बसली होती म्हणून धड बोलता आलं नाही. आता सावकाश सांगतो. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी जे पटकन सांगण्यासारखं आहे ते सांगून टाकतो. कविता फार झाल्या नाहीत, ज्या झाल्या त्या धान रोवणीच्या दिवसांतल्या आहेत, बऱ्या आहेत. एक कथा दिवाळी अंकात आली, तुला फोटो पाठवला होता. अन् नाटकं म्हणशील त कंपन्यांच्या ऑर्डरची दोन-तीन लिहिली, सगळी लागली, एक त मंडईच्या जत्रेपासून शंकरपटाच्या बैलशर्यतींपर्यंत बऱ्यापैकी चाललं. पैसे आले, घराची कौलं काढून टिन टाकले. लेखकाला एकदाच पैसे भेटतात, मग प्रयोग किती का होईनात, हे तुला माहीतच आहे.

पण मला जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे, ते डिसेंबरातल्या एका रात्रीचं आहे.

तू म्हणाला होता की तुझ्या पुण्यातल्या ऑफिसच्या लोकांना झाडीपट्टी सांगूनही समजत नाही. त्यांना एवढंच सांग की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत धान कापून झाला की गावोगावी नाटक होते, भाऊबीजेनंतर मंडई सुरू झाली की पार होळीपर्यंत, रात्री दहाला पडदा उघडला की पहाटे चार-पाचला पडतो, अन् लोकं तिकीट काढून, चादरी गुंडाळून, लेकरं मांडीवर घेऊन पूर्ण पाहतात. गावचं मंडळ वडशाला येऊन कंपनीकडून तारीख घेते, कंपनी नट, बाया, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, लाईट सगळं घेऊन येते, अन् जे उरते त्यातून कुठं देवळाचा सभामंडप होते, कुठं शाळेची भिंत. सरकारचं नाट्यगृह नाही, अनुदानाची वाट पाहणं नाही. 2020 ला कोरोनात सगळं बसलं तेव्हा किती घरं बसली होती ते आपण डोळ्यानं पाहिलं, अन् 2023 ला आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा वडशात लोकं कसे आनंदले होते तेही पाहिलं. मला त्या दिवशी वाटलं होतं की आता बाहेरचे लोकं आपल्याकडं पाहतील. बाहेरच्यांचं राहू दे, आपण तरी आपल्याकडं नीट पाहतो का, हा प्रश्न मला यंदा पडला.

त्या रात्रीचा प्रयोग नागभीडकडच्या एका गावात होता. बांध्यांतला धान निघालेला, तणसाचे ढीग एका बाजूला, प्रेक्षक उतारावर बसलेले, थंडी अशी की स्टेजवर बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ दिसावी. मी विंगेत प्रॉम्प्टरच्या बाजूला बसलो होतो. आपल्याकडं तालमी त फार होत नाहीत, नट आज या कंपनीत उद्या त्या कंपनीत, त्यामुळं प्रॉम्प्टर वाक्य देणार अन् नट उचलणार, हे चालतेच. तिसऱ्या अंकात पोराला साप चावते अन् आई धावत येते, असा प्रवेश आहे. मी लिहिलेलं वाक्य असं होतं: "बाळा, डोळे उघड, तुझी आई आली आहे." प्रॉम्प्टरनं बरोबर तेच दिलं. पण बाई साकोलीकडची, सलग तिसऱ्या रात्रीचा प्रयोग, थकलेली, तिनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं अन् तिच्या तोंडून आलं,

"डोरे उघड ना रे बापा, माय आली ना!"

गड्या, मी आजवर इतके रडके प्रवेश लिहिले, लोकं रडतात, नाक पुसतात, पुढच्या गाण्याला शिट्ट्या मारतात. त्या रात्री तसं झालं नाही. खाली बसलेली एक म्हातारी उठून उभी झाली अन् जोरानं ओरडली, "तोंडावर पानी मार त्याच्या, पानी मार!" दुसरी म्हणे, "दोरी बांध पायाले!" कोणी हसलं नाही. त्या बायांसाठी ते पोरगं खरंच मरून राहिलं होतं. स्टेजवरची बाईही खरी त, तिनं तिकडं पाहून उत्तर दिलं, "कोठून आनू पानी, बाई?" अन् तबलावाल्यानं हात आखडला. मग प्रॉम्प्टरनं पुढचं वाक्य दिलं, बाई परत शुद्ध मराठीवर आली, अन् ती म्हातारी हळूहळू खाली बसली.

मी त्याच रात्री विंगेत बसून ठरवलं की पुढचं नाटक कसं लिहायचं.

आपल्या स्टेजवर काय चालते पाह ना. हिरो, हिरोईन, पाटील, वकील, इन्स्पेक्टर, सगळे पुण्या-मुंबईसारखं बोलतात, अन् झाडीबोली कोण बोलते? कॉमेडियन. नोकर, दारुडा, भोळा गडी. आपल्या बोलीत ण नाही, ळ नाही, श नाही, ते ऐकलं की लोकं हसायला तयारच बसतात, कारण वर्षानुवर्षं आपण त्यांना तेच शिकवलं की ही भाषा आली म्हणजे आता हसायचं. कॉमेडियनबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पहाटे तीनला लोकांना जागं ठेवणं सोपं काम नाही. पण ज्या भाषेत माझी माय रडते, ज्या भाषेत आपण बाबाला खांदा देताना एकमेकांशी बोललो, त्या भाषेतलं दुःख स्टेजवर येतच नाही, हे मला आता सहन होत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसानं आयुष्य घालून या बोलीचा अभ्यास केला, बोलीतल्या कवितांना टाळ्या भेटतात, अन् रात्रभर हजारो माणसं जिथं बसतात त्या नाटकात मात्र ती नोकराच्याच तोंडी.

म्हणून पुढचं नाटक पूर्ण झाडीबोलीत. हिरोसकट.

विषयही ठरला आहे. धान. अन् धान म्हटला की आपल्या भागात एकच माणूस डोळ्यापुढं येते, दादाजी खोब्रागडे. तू शहरात एचएमटी तांदूळ घेते ना, तुझ्या दुकानदाराला विचार की हे नाव कुठून आलं, दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, माणूस तिसरी शिकलेला, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 ला पटेल-3 या वाणाच्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. दुसरा माणूस असता त कापून भाऱ्यात टाकल्या असत्या. त्यांनी त्या ठेवल्या, दुसऱ्या वर्षी बांधीच्या मधोमध लावल्या, रानडुकरं येऊ नयेत म्हणून भवताल काटे लावले, अन् वर्षामागून वर्ष निवडत गेले. बारीक दाणा, जास्त उतारा, चांगला भात. त्या धानाला नाव नव्हतं. बाजारात व्यापाऱ्यानं तेव्हा जे घड्याळ फेमस होतं त्याचं नाव देऊन टाकलं, एचएमटी. पुढं त्यांनी अजून वाणं काढली, एकाचं नाव त त्यांच्याच आद्याक्षरांवरून डीआरके. 2010 ला फोर्ब्सनं त्यांचं नाव घेतलं, अन् 3 जून 2018 ला ते गेले तेव्हा गरिबीतच गेले. एचएमटी मात्र देशभर पिकून राहिला.

मला त्यांचं चरित्र नाही लिहायचं. मला त्या बांधीतल्या माणसाची ती नजर लिहायची आहे, तीन लोंब्यांजवळ थांबलेली. अन् तो माणूस स्वतःशी कोणत्या भाषेत बोलला असेल? "धान त हिरवाच हाये अजून, मंग हे लोंब पिवरे कायचे?" हे वाक्य मी लिहून पाहिलं अन् मायला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं बसून भाकर थापून राहिली होती. तिनं वर न पाहताच विचारलं, "मंग? तोडलन का ठेवलन?" आजवर माझं कोणतंच नाटक ऐकून तिनं पुढं काय झालं म्हणून विचारलं नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवतो. एखादं वाक्य खटकलं की ती म्हणते, "असा कोन बोलते गा?" अन् मी ते खोडतो. सध्या माझी सगळ्यात मोठी एडिटर तीच आहे.

अडचणी आहेतच. एका कंपनीच्या मालकाला कल्पना सांगितली त ते म्हणाले, हिरो बोलीत बोलला की लोकं हसतील, अन् व्हिलन कोण, अन् डान्स कुठं? त्यांचंही चूक नाही, मंडळं आता डान्स हंगामा मागतात, त्यांना कंपनी चालवायची आहे. गाणी राहतील असं मी त्यांना सांगितलं, पण रोवणीची, बाया चिखलात वाकून म्हणतात ती, अन् दंडारीचा, म्हणजे आपल्या जुन्या लोकनाट्याचा, एक प्रवेश नाटकातच बसवतो. व्हिलनवर मी अजून विचार करून राहिलो. सावकार आणला की काम सोपं होते, पण या गोष्टीत एक वाईट माणूस दाखवला की बाकी सगळे सुटतात, अन् मला ते नको आहे. मालक अजून हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले त गावच्या मंडळाकडून आपणच करू, आपल्याच मंडईला.

एक गोष्ट मला फार आवडून राहिली, ती ऐक. मंडईच्या दिवसांत धान नुकताच निघालेला असते. त्यामुळं ज्या गावात प्रयोग, त्याच गावच्या बांधीतला कापलेल्या धानाचा एक खरा कडपा स्टेजवर आणायचा, अन् तो गावातल्याच एखाद्या शेतकऱ्यानं किंवा बाईनं प्रयोगाआधी आणून द्यायचा. प्लास्टिकचं गवत अजिबात नको. हिरो त्याच कडप्यातून तीन लोंब्या वेगळ्या काढेल. पुढं बसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे की हा आपलाच धान आहे, जय श्रीराम वाण आहे का एचएमटी हे त त्याला लांबूनही समजते.

वर्षाची आखणी अशी केली आहे. आत्ता वैशाखापर्यंत पहिले दोन अंक. त्याच सुमारास नांदेडला जाऊन खोब्रागड्यांच्या घरच्यांना भेटायचं, त्यांना सगळं सांगायचं, त्यांची इच्छा असेल तरच त्यांचं नाव येईल, नाही त नाव बदलू, तीन लोंब्या राहतील. मृग लागला की धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे, मग चिखलणी, रोवणी, त्या दिवसांत लिहिणं होत नाही, पण बांधीतल्या बायांची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करायची आहेत, यंदा दोघी म्हाताऱ्या गेल्या अन् त्यांच्यासोबत त्यांची गाणीही गेली. पोळ्यानंतर तिसरा अंक. गणपतीत गावातच वाचन करायचं, फक्त बायांसाठी एक अन् सगळ्यांसाठी एक. दसऱ्यापर्यंत नट ठरले पाहिजेत, अन् त्या साकोलीच्या बाईंना मी आत्ताच सांगून ठेवलं, आईचं काम त्यांनीच करायचं. त्या म्हणाल्या, "प्रॉम्प्टिंग लागणार नाही दादा, घरचंच त बोलायचं आहे." तालमी मात्र पाहिजेत, खऱ्या तालमी, निदान पंधरवडाभर. नटांना त्या दिवसांचे पैसे कुठून द्यायचे तेवढं अजून सुटलेलं नाही. काही मी टाकीन, काही मंडळ देईल असं दिसते.

ऑर्डरचं नाटक यंदा एकच घेणार आहे, घर चालवायला तेवढं लागेल. वाघाच्या नाटकाची मागणी आहे, ब्रह्मपुरीच्या जंगलाकडच्या गावांत त रोजचीच भीती आहे, पण स्टेजवर कोणाला वाघाचं कातडं घालून नाचवायचं माझ्यानं होणार नाही. ज्या घरातलं माणूस मोहफुलं वेचताना गेलं त्या घरातली बाई समोर बसलेली असू शकते. ते नाटक लिहीन तेव्हा नीटच लिहीन, पुढच्याच्या पुढच्या वर्षी.

आता तुझं काम. तू गेल्यापासून दंडारीत तुझ्यासारखा ढोलकी धरणारा नाही, हे मी तोंडदेखलं म्हणून नाही राहिलो. पहिल्या अंकातली रोवणीची चाल मला तुझ्याकडूनच बसवून पाहिजे. ऑर्गनवर ती चाल पिक्चरच्या गाण्यासारखी होऊन जाते, तिला मोकळं ठेवावं लागते, ते तुला जमते. मे महिन्यात आठ दिवसांची सुट्टी काढ. येताना तुझ्या बाबांच्या पेटीतल्या दंडारीच्या कॅसेट आण, माझ्याकडचा टेप अजून चालू आहे. वहिनीला अन् लेकरांना घेऊनच ये, माय सारखी विचारते. नांदेडलाही सोबतच जाऊ, तुझी गाडी राहिली त एका दिवसात जाणं-येणं होऊन जाईल. तारीख या आठवड्यातच कळव म्हणजे मला त्यांच्या घरी निरोप देता येईल, अन् फोन संध्याकाळी सातनंतर कर, दिवसा जंगलाकडं रेंज राहत नाही.

तुझाच