माग लपवण्याचे नियम आणि टिटवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या फावल्या वेळातील खेळांविषयी वृत्तपत्रांत जे लिहून येते, त्यात टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांची गणना सरसकट मोबाइलवरील मारधाडीत केली जाते. मी निवृत्त वनपाल आहे. दर रविवारी माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर माझी नात आणि तिचे सहा सवंगडी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. त्यांचे निम्म्याहून अधिक डोके मारामारीत नव्हे, तर पाठलागावरील शत्रूला आपला माग लागू नये याच्या हिशेबात खर्च होते, हे पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. ही मुले त्याची 2014 ची आवृत्ती वापरतात. माग काढणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपले कौशल्य मिळवायचे आणि जमिनीनुसार ठरलेला आकडा गाठायचा, असा नियम आहे. बर्फासारख्या मऊ पृष्ठभागावर 10, माती किंवा गवतावर 15 आणि उघड्या खडकावर 20 असे ते आकडे आहेत. पळणारे पुढे जाऊन जितके दिवस झाले, त्या प्रत्येक दिवसामागे त्यात 5 ची भर पडते आणि कोणी जखमी होऊन रक्त सांडत गेला असेल, तर 5 कमी होतात. वाघाचा ठसा उमटावा म्हणून रस्त्यावर बारीक माती पसरण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्या माणसाला हा तक्ता बराचसा पटतो. मात्र माती आणि गवत एका ओळीत बसवणाऱ्याने पहाटेच्या दवातून गेलेली वाट आणि तीच वाट दुपारी, अशी पाहिलेली नसावी. दिवसाला 5 हेही ढोबळच आहे, कारण वळवाची एक सर तासाभरात सगळे पुसून टाकते, तर चिखलात उमटून वाळलेला ठसा कित्येक आठवडे जसाच्या तसा राहतो.

पायाने माग काढणाऱ्याला चकवणे त्यामानाने सोपे आहे. ‘पास विदाउट ट्रेस’ नावाचा मंत्र म्हणणाऱ्याच्या तीस फुटांच्या आत राहिले, तर तासभर कोणाचीही पाऊलखूण उमटत नाही, लपण्याच्या फाशात 10 ची भर पडते आणि जादूखेरीज कशानेही माग काढता येत नाही. खरी पंचाईत होते ती शत्रूकडे जादूगार असला की. ‘स्क्राइंग’ या मंत्राने तो दूर बसून आपल्याला पाहू शकतो, आणि आपल्याविषयी त्याच्याजवळ काय आहे यावर आपण निसटण्याची शक्यता ठरते. त्याच्याकडे आपले चित्र असेल तर आपल्या फाशातून 2 वजा होतात, अंगावरचे वस्त्र असेल तर 4, आणि केसांची बट किंवा नखाचा तुकडा असेल तर तब्बल 10. हे ऐकून माझ्या पत्नीने हातातली भाजी बाजूला ठेवली आणि ‘म्हणून आमची आजी कापलेली नखे आणि विंचरलेले केस उघड्यावर टाकू देत नसे,’ असे म्हणाली. करणीच्या भीतीने पाळलेली ती रीत आणि हा परदेशी नियम यांचे मूळ एकाच समजुतीत असावे, असे मला वाटते. त्या रविवारपासून मुलांची पात्रे सराईत मुक्काम सोडताना उशा झटकू लागली.

यावरचे उपाय आहेत, पण प्रत्येकाला किंमत, मुदत किंवा मर्यादा आहे. ‘नॉनडिटेक्शन’ने आठ तास जादूच्या नजरेपासून सुटका मिळते, पण दर खेपेस 25 सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड खर्ची पडते आणि एका खेपेत एकालाच संरक्षण मिळते. सहा जणांना रात्रंदिवस झाकायचे, तर रोजची 450 नाणी लागतात, हा हिशेब नातीच्या मैत्रिणीने मिनिटभरात मांडला आणि बेत सोडून दिला. प्राणी किंवा माणूस हुडकणारा मंत्र हजार फुटांच्या पलीकडे चालत नाही आणि मध्ये दहा फूट रुंदीचे वाहते पाणी असेल, तरी अडतो. वस्तू शोधणाऱ्या मंत्राला शिशाचा पातळ पत्राही अडवतो, म्हणून चोरलेला मुकुट शिशाच्या पेटीत आणि मुक्काम नदीपलीकडे, असा स्वस्तातला तोडगा या मुलांनी काढला.

एवढे करूनही ती दोनदा सापडली, आणि दोन्ही वेळा जादूचा संबंध नव्हता. एकदा त्यांनी लुटीतली अंगठी जवळच्याच बाजारात विकली, तर दुसऱ्यांदा सराईच्या मालकाला भरमसाट बक्षिसी दिली, आणि ती त्याच्या चांगलीच लक्षात राहिली. शिकारी टोळीचा सुगावा जंगलातल्या ठशांपेक्षा चहाच्या टपरीवरच आधी लागतो, हे मी त्यांना सांगितले होते. त्या वेळी कोणी मनावर घेतले नाही.

खेळ चालवणारी, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि शत्रूच्या चाली ठरवणारी, माझी नात आहे आणि ती शत्रूला ऐनवेळी दैवी साक्षात्कार घडवत नाही, याचे मला कौतुक आहे. शत्रूने काय पाहिले, कोणाला विचारले, हे ती वहीत लिहून ठेवते. गेल्या महिन्यात तिने मला विचारले, “आबा, खडकावर वाघाचा माग कसा लागतो?” मी सांगितले की तिथे खाली पाहायचेच नाही, वानर कुठे खाकरते, चितळ कुठे ओरडते, तिकडे कान द्यायचा. पुढच्या रविवारी मुले ‘पास विदाउट ट्रेस’च्या आडोशाने रात्री माळ ओलांडत असताना तिने वाटेत टिटवी बसवली. त्यावर मोठा वाद झाला. मंत्रात कोणतीही खूण उरत नाही असे लिहिले आहे, मग पक्ष्याने ओरडायचे कशाला, असा मुलांचा दावा होता. निवाडा माझ्याकडे आला. खूण म्हणजे जी मागे राहते ती. टिटवी ओरडते ती समोरच्याला पाहून, त्यामुळे तो मंत्र तिचे तोंड बंद करत नाही, पण लपण्याच्या फाशातली 10 ची भर मुलांना द्यावी, असे मी ठरवले. नियमपुस्तकात टिटवी नसल्याने तिला ससाण्याचा सावधपणाचा आकडा, म्हणजे 14, दिला. पाच जण सहज पार झाले. साखळ्यांचे चिलखत घातलेल्या सहाव्याला नियमाप्रमाणे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागला. तो 3 आला, त्यात 10 मिळवून 13 झाले, आणि टिटवी ओरडली.

आपला,
एक निवृत्त वनपाल, नागपूर