तिने सांगितलं नाही, म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वडील आणि मुलगी यांच्या नात्यावरच्या चित्रपटांविषयीचा लेख वाचला. मनापासून वाचला, पण त्यातले बहुतेक चित्रपट मुलीच्या लग्नात, पाठवणीच्या प्रसंगात संपणारे आहेत. बाप कोपऱ्यात जाऊन डोळे पुसतो आणि आपणही पुसतो. ज्या एका चित्रपटामुळे माझे वडील आणि मी एकमेकांशी पहिल्यांदा खरं बोललो, तो त्या यादीत नव्हता. तो म्हणजे मृणाल सेन यांचा १९७९ चा बंगाली चित्रपट 'एक दिन प्रतिदिन'. त्याच्याविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

गोष्ट एका रात्रीची आहे. कोलकात्यातला एक जुना वाडा, त्यात अनेक बिऱ्हाडं, मधे सगळ्यांचं मिळून अंगण, वर घरमालक. एका बिऱ्हाडात सात माणसं राहतात. वडील निवृत्त, पेन्शन तुटपुंजी. थोरला मुलगा बेकार, धाकटी भावंडं शिकणारी. घर चालतं ते चिनूच्या, म्हणजे चिन्मयीच्या पगारावर. ममता शंकर यांनी ती केली आहे. रोज ठरलेल्या वेळेला घरी येणारी ही मुलगी एके दिवशी येत नाही. सात वाजतात, आठ वाजतात, जेवणं खोळंबतात. ऑफिस केव्हाच बंद झालेलं असतं. वडील बाहेर रस्त्यावर जाऊन वाट बघत उभे राहतात. हळूहळू साऱ्या वाड्याला कळतं की अमक्यांची मुलगी अजून आलेली नाही. भाऊ मित्राला घेऊन पोलीस ठाणं आणि शवागार पालथं घालतो. एका तरुणीची ओळख पटवायला घरच्यांना इस्पितळात जावं लागतं. ती चिनू नसते, दुसऱ्या कुणाची तरी मुलगी असते.

चिनू पहाटेच्या सुमाराला घरी येते. धडधाकट, सुखरूप. आणि तिला कुणीच काही विचारत नाही.

हा चित्रपट न पाहिलेल्या माणसाला वाटेल, न विचारणं म्हणजे विश्वासच की! पडद्यावर ते तसं दिसत नाही. वडील, आई, भाऊ सगळे गप्प. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर प्रत्येकाने आपल्यापुरतं देऊन टाकलेलं. चिनूच शेवटी त्यांना विचारते की तुम्ही मला काहीच का विचारत नाही? घरमालक खाली येऊन हे सभ्य माणसांचं घर आहे, जागा खाली करा, असं सांगतो. पण मला त्या मालकाचा राग फारसा येत नाही. मालक तसाच वागणार. मला दरवेळी बघावंसं वाटतं ते वडिलांच्या चेहऱ्याकडे. सत्य बंद्योपाध्याय यांनी ती भूमिका इतकी साधी केली आहे की अभिनय म्हणून ती लक्षातही येत नाही. मुलगी जिवंत परत आली म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला आहे आणि त्याच क्षणी ते तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काळजी वेगळी आणि विश्वास वेगळा, हे मला त्या चेहऱ्याने शिकवलं. रात्रभर रस्त्यावर उभा राहणारा बाप मुलीवर विश्वास ठेवतोच असं नाही.

धाकट्या बहिणीची, मिनूची, एक जागा तर मी विसरूच शकत नाही. रात्र सरता सरता ती बोलून जाते की आपल्याला चिनूची काळजी आहे की तिच्या पगाराची? श्रीला मजुमदार यांनी ती मिनू केली आहे. त्या एका बोलण्याने घरातल्या सगळ्यांच्या माना खाली जातात. जिच्या पैशावर सात जणांचं ताट वाढलं जातं, तिने रोज संध्याकाळी वेळेवर घरी येणं हाही त्या घराच्या जमाखर्चातला एक आकडा झालेला असतो.

आता माझं सांगते. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी, त्या गॅलरीत उभी राहणारी माणसं. मी बँकेत नोकरीला होते. त्या काळी बँकांचं सहामाही क्लोजिंग, म्हणजे सहा महिन्यांचे हिशेब जुळवून बंद करणं, ३० जून आणि ३१ डिसेंबरला असायचं. १९८३ च्या ३० जूनला आमचं लेजर काही केल्या जुळेना. फरक होता पावणेदोन रुपयांचा. तो शोधताना रात्रीचे साडेबारा वाजले. बाहेर धो धो पाऊस. शाखेने आम्हा बायकांना घरी सोडायला टॅक्सी केली होती आणि सोबत एक अधिकारी दिले होते. माझं घर सगळ्यात शेवटी. म्हणजे चाळीच्या तोंडाशी मी टॅक्सीतून उतरले तेव्हा आत फक्त ते गृहस्थ होते. वर गॅलरीत तीन-चार जण जागे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिन्याच्या खाली छत्री घेऊन उभे होते. त्यांनी माझी पिशवी घेतली. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. आईने आमटी गरम केली. मी जेवले आणि झोपले. माझ्या वडिलांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता! दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना मी तो सांगितलाही.

आठवड्याभराने आमच्या हेड कॅशियरनी सहज म्हणून सांगितलं, "अगं, एक तारखेला सकाळी तुझ्या वडिलांचा फोन आला होता. काल रात्री खरंच क्लोजिंग होतं का, आणि किती वाजता सुटलं, विचारत होते." नाक्यावरच्या इराण्याच्या हॉटेलातून पैसे टाकून अण्णांनी तो फोन केला होता. मला विचारलं असतं तर मी पावणेदोन रुपयांची सगळी कथा हसत हसत सांगितली असती. त्यांनी मला विचारलं नाही, माझ्याबद्दल विचारलं. मी घरी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून अण्णा "जेवलीस का?" म्हणाले की मला तो फोन आठवायचा.

पुढच्या वर्षी एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी अण्णांना मुद्दाम घेऊन गेले. चित्रपट 'एक दिन प्रतिदिन' होता. मी तो आधी पाहिलेला होता, हे त्यांना सांगितलं नव्हतं. दीड तास ते हलले नाहीत. बाहेर पडल्यावरही बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ती मुलगी रात्रभर कुठे होती, ते दाखवायला हवं होतं." मी विचारलं, "का, अण्णा?" ते चालत राहिले. बिल्डिंगपाशी आल्यावर म्हणाले, "मी तुझ्या बँकेत फोन केला होता." मी म्हटलं, "मला माहीत आहे." त्यावर ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसूनच राहिले. त्यांना एवढंच म्हणता आलं की गॅलरीतल्या माणसांना काय सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं. म्हणजे त्यांना उत्तर हवं होतं ते स्वतःसाठी नव्हे, शेजाऱ्यांसाठी. मला ते पटलं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही, पण त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं याची किंमत मी आजही मानते.

चिनू कुठे होती, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. याबद्दल प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आहेत, आजही करतात. अण्णांनाही तेच खटकलं होतं. आता मला वाटतं, सेन यांनी ते सांगितलं असतं तर सगळ्या चित्रपटावर पाणी पडलं असतं. समजा शेवटी कळलं असतं की ती एखाद्या आजारी मैत्रिणीजवळ होती. आपण सुटकेचा श्वास सोडला असता, म्हणालो असतो, "बघा, पोरगी चांगलीच होती." म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवायला आपल्याला पुरावा लागलाच असता. आणि समजा ती कुणा मित्राबरोबर असती, तर? तर घरमालक बरोबर ठरला असता का? दिग्दर्शक उत्तर आपल्या हाती देत नाही, त्यामुळे हा प्रश्न आपण टाळू शकत नाही. एक कमावती, सज्ञान बाई एका रात्री उशिरा घरी आली आणि तिने कारण सांगितलं नाही. इतक्याच माहितीवर तिच्या बापाने तिला काय म्हणायचं?

सेन यांना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९८० साली तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. चिनूच्या गोष्टीमागे बंगालमधला खरा बदल आहे. फाळणीनंतर कोलकात्यातल्या भद्रलोक, म्हणजे सुशिक्षित पांढरपेशा घरांना पूर्वीच्या उत्पन्नावर भागेनासं झालं आणि त्या घरांतल्या मुली ऑफिसात जाऊ लागल्या. पैसा घरात आला, पण घराचे नियम होते तसेच राहिले. बापाची कमाई थांबली तरी बापाचा अधिकार थांबला नाही. हे गिरगावातही तसंच होतं, म्हणून तो वाडा मला परका वाटला नाही.

याच सेन यांनी दहा वर्षांनी, १९८९ साली, 'एक दिन अचानक' हा हिंदी चित्रपट केला. त्यात घरी परत येत नाही तो बाप. पावसाळी संध्याकाळी बाहेर पडलेले प्राध्यापक येतच नाहीत. ते काम आपल्या डॉ. श्रीराम लागूंनी केलं होतं, आईचं उत्तरा बावकरांनी आणि मुलीचं शबाना आझमींनी. शंका त्या घरातही येतात. पण बाप नाहीसा झाला की घरचे त्याच्या विद्वत्तेचा, त्याच्या स्वभावाचा, आपण त्याला किती ओळखलं याचा विचार करू लागतात. चिनू नाहीशी झाली की विचार एकाच गोष्टीचा होतो. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की हे फार टोचतं.

माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीच्या पुढच्या लेखात या चित्रपटाला जागा द्यावी. आणि आपल्या वाचकांत फिल्म सोसायट्या चालवणारे असतील, त्यांना सांगणं आहे की तो मराठी उपशीर्षकं देऊन दाखवा. प्रेक्षकांत बापलेकींनी एकत्र यावं अशी जाहिरात करा आणि खेळ संपल्यावर भाषण ठेवू नका. माणसांना चालत घरी जाऊ द्या.

अण्णा जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. माझी मुलगी आयटी कंपनीत आहे. तिला रात्री कॅब सोडते आणि माझ्या फोनवर तिची गाडी कुठे आहे ते दिसतं. गेल्या दिवाळीत तिने तो नकाशा बंद केला. मला सांगितलं, "आई, मी बंद केलाय. काही लागलं तर मी फोन करेन." त्या रात्री ती पावणेदोनला आली. मी जागीच होते. "जेवलीस का?" असं माझ्या तोंडून निघालं, आणि ते अण्णांसारखं वाटलं म्हणून मी पुढे म्हटलं, "आज कुठे होतीस, ते मला ऐकायला आवडेल, पण सांगायलाच हवं असं नाही." ती हातपाय धुऊन आली, ओट्याजवळ उभं राहून वरणभात खाल्ला आणि झोपायला गेली. तिने काही सांगितलं नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मुंबई
(नाव छापू नये ही विनंती)